धसका आणि नेत्रसंचलनाचा उपचार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून शिक्षण, उद्योग, विवाहातील खर्च, वसतिगृहांची आवश्यकता अशा अनेक विषयांचा ऊहापोह आजवर झालेला आहे. शरीराच्या आरोग्यावरही व्याख्याने झाली. मधुमेह आणि हृदयविकार यांविषयी आपण आता निःसंकोचपणे बोलतो. मनाचे दुखणे मात्र अद्याप आपल्या घरांच्या माजघरातच राहिले आहे. जे ओसरीवर येत नाही ते व्यासपीठावर कोठून येणार? चालकांनी विषयनिवडीची मोकळीक आम्हांस दिली, तेव्हा या माजघरातल्या दुखण्यांपैकी एकाविषयी, आणि त्यावर गेल्या सुमारे चाळीस वर्षांत पुढे आलेल्या एका विलक्षण उपचाराविषयी चार शब्द बोलावे असे आम्ही ठरविले. आमची हयात साध्या दवाखान्यात रोग्यांची नाडी पाहण्यात गेली. आम्ही मनोविकारतज्ज्ञ नव्हे. तेव्हा जे सांगावयाचे ते अधिकारवाणीने नव्हे, तर वाचून, विचारून आणि पडताळून घेतलेल्या माहितीच्या आधारे सांगणार आहोत.

आपल्या भाषेत 'धसका' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. 'त्याने धसका घेतला', 'तिने हाय खाल्ली', असे आपण सहज म्हणतो. मनाला बसलेला एखादा हादरा प्रसंग सरल्यावरही सरत नाही, तो माणसाच्या आत ठाण मांडून बसतो, हे आपल्या आजीपणजींना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते. त्यांनी त्या दुखण्याला नाव दिले. परंतु त्यावर उपाय म्हणून त्यांच्यापाशी दृष्ट काढणे, अंगारा लावणे आणि काळावर हवाला ठेवणे, एवढेच होते. त्या अंगाऱ्यामागच्या मायेच्या हाताला आम्ही कमी लेखीत नाही. त्या हाताने पुष्कळांना धीर दिला. तथापि जेथे धीर पुरत नाही तेथे उपचार लागतो.

सामान्य दुःख आणि धसका यांत भेद आहे, तो आधी स्पष्ट केला पाहिजे. घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, भाऊबंदकीत मन दुखावले, तर माणूस रडतो, कष्टी होतो आणि हळूहळू सावरतो. भयंकर प्रसंगातून गेलेली बहुसंख्य माणसेदेखील काही आठवड्यांत आपोआप सावरतात. काहींच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. त्यांची तीन लक्षणे सांगतात. पहिले असे, की तो प्रसंग पुनःपुन्हा मनात घुसतो, आणि तो आठवणीसारखा येत नाही, आत्ता डोळ्यांदेखत घडत असल्यासारखा येतो. रात्री तोच स्वप्नात येतो. दुसरे, त्या प्रसंगाची आठवण करून देणारी माणसे, जागा आणि बोलणी तो माणूस टाळू लागतो. तिसरे, त्याचे शरीर सदैव सावध राहते. भांडे पडले तरी तो दचकतो, झोप लागत नाही, क्षुल्लक कारणाने राग येतो. हे महिना उलटून गेल्यावरही चालू राहिले आणि संसार व कामधंदा त्यापायी अडू लागला, म्हणजे वैद्यकशास्त्र त्यास आघातोत्तर तणावविकार म्हणते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्र विसरणार नाही. गणेशविसर्जन आटोपून गाढ झोपलेल्या किल्लारी आणि आसपासच्या गावांवर चार वाजण्याच्या सुमारास दगडामातीच्या भिंती कोसळल्या. पुढे तेथील माणसांची मनोवैद्यकीय पाहणी झाली आणि १९९६ साली ती प्रसिद्ध झाली. तीत हाच आघातोत्तर विकार आणि विषाद वाचलेल्या माणसांत आढळून आला. घरे पुन्हा उभी राहिली, रस्ते झाले, शाळा झाल्या. परंतु पडलेली भिंत बांधणे आणि भिंतीची भीती घालविणे ही दोन निराळी कामे आहेत.

या दुखण्याला दुखणे म्हणून मान्यता मिळण्यास जगाला फार वेळ लागला. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराखाली राहिलेले सैनिक थरथरू लागले, मुके झाले, त्यांचे पाय चालेनात. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टराने 'शेल शॉक' या नावाखाली अशा रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. तरीही पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने त्या युद्धात गोळ्या घालून मारलेल्या ३०६ सैनिकांना २००६ साली, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी, मरणोत्तर क्षमा देण्यात आली. त्यांतील काहीजण मनाने घायाळ झालेले होते हे नंतर मान्य झाले. जखम हाताला झाली असती तर त्यांना मलमपट्टी मिळाली असती. ती मनाला झाली म्हणून शिक्षा मिळाली. पुढे व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या हालांमुळे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या विकाराला आपल्या अधिकृत सूचीत स्वतंत्र स्थान दिले. हा इतिहास सांगण्याचे कारण इतकेच, की 'घाबरट', 'मनाचा कच्चा' ही विशेषणे आपण आजही आपल्या घरात सहज वापरतो.

आता मुख्य विषयाकडे वळू. १९८७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात फ्रान्सीन शपिरो नावाच्या बाई एका उद्यानात फिरत होत्या. मनात काही त्रासदायक विचार घोळत होते. चालता चालता त्यांच्या ध्यानी आले, की ते विचार येताच आपले डोळे आपोआप भरभर इकडून तिकडे फिरत आहेत, आणि नंतर तोच विचार पुन्हा आणला तर त्याची नांगी मोडलेली आहे. अनेकांनी ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून दिली असती. शपिरोबाईंनी ती आधी परिचितांवर आणि मग रोग्यांवर पद्धतशीरपणे करून पाहिली. १९८९ साली त्यांनी २२ व्यक्तींवरील आपला पहिला अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांत युद्धावरून परतलेले सैनिक होते आणि अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्ती होत्या. पुढे या पद्धतीला 'आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग', संक्षेपाने 'ईएमडीआर', हे नाव मिळाले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणीची धार बोथट करणे आणि तिची मनात नव्याने मांडणी करणे. शपिरोबाई २०१९ साली निवर्तल्या.

हा उपचार चालतो कसा, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. एक पंचविशीतला तरुण आहे. पावसाळ्यात मित्राला मोटारसायकलवर मागे बसवून घाट उतरत असता समोरून ट्रक आला, गाडी घसरली. हा वाचला, मित्र गेला. त्याला आज दीड वर्ष झाले. हाडे सांधली, पण ब्रेकचा आवाज कानी पडला की त्याला दरदरून घाम फुटतो. त्या रस्त्याने तो जात नाही, मित्राच्या आईच्या दारावरून जात नाही. आई म्हणते, 'विसर रे आता!' वडील म्हणतात, 'पुरुषासारखा पुरुष, आणि मोटारसायकलला भितोस?' दोघांचीही माया खरी आहे. परंतु त्या मायेने त्याची जखम भरून येत नाही.

असा तरुण प्रशिक्षित उपचारकाकडे गेला, तर पहिल्याच दिवशी डोळे फिरविणे सुरू होत नाही. या पद्धतीच्या आठ पायऱ्या आहेत. प्रथम उपचारक त्याचा सगळा पूर्वेतिहास ऐकून घेतो. मग पूर्वतयारी होते. मन अनावर झाले तर ते शांत कसे करावे, मनातल्या मनात एखाद्या निवांत जागी कसे जावे, हे त्यास शिकविले जाते. तिसऱ्या पायरीवर त्या प्रसंगातील सर्वांत बोचणारे एक चित्र निवडले जाते. समजा, ते रस्त्यावर पडलेल्या मित्राच्या एका चपलेचे आहे. त्या चित्रासोबत स्वतःविषयी कोणता समज चिकटला आहे? 'मीच त्याला मारले.' त्याऐवजी काय वाटावयास हवे? 'त्या क्षणी जे करणे शक्य होते ते मी केले.' या दुसऱ्या वाक्यावर आज किती विश्वास बसतो, हे एक ते सात या मापाने, आणि चित्र आठवताच किती त्रास होतो, हे शून्य ते दहा या मापाने तो सांगतो.

मग चौथी पायरी. तो तरुण ते चित्र, तो समज आणि शरीरात जेथे ताण जाणवतो ती जागा ध्यानात धरतो, आणि त्याच वेळी समोर डावीकडून उजवीकडे फिरणाऱ्या उपचारकाच्या बोटांकडे केवळ डोळ्यांनी पाहत राहतो. सुमारे अर्ध्या मिनिटाने बोटे थांबतात. 'आता काय आले?' एवढेच विचारले जाते. जे मनात आले असेल, मग ते दुसरे दृश्य असो, राग असो, की रडू असो, तेथून पुढची फेरी सुरू होते. त्रासाचे माप उतरून शून्याजवळ येईपर्यंत हा क्रम चालतो, त्याला एकाहून अधिक बैठका लागू शकतात. पाचव्या पायरीवर तो नवा, चांगला समज दृढ केला जातो. सहाव्या पायरीवर डोक्यापासून पायापर्यंत शरीरात कोठे ताण उरला आहे का हे पाहिले जाते. सातव्या पायरीवर रोग्यास शांत करून बैठक मिटविली जाते. आणि आठवी पायरी पुढच्या भेटीची, तीत मागील कामाचा आढावा घेतला जातो. एक बैठक तासाची ते दीड तासाची असते. इंग्लंडमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०१८ साली प्रौढांसाठी साधारणतः ८ ते १२ बैठका सांगितल्या आहेत.

या सर्वांत एक गोष्ट आपल्या समाजाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. रोग्याने घडलेला प्रसंग अथपासून इतिपर्यंत तोंडाने सांगितलाच पाहिजे असा या उपचाराचा आग्रह नाही. आपल्या घरांतील कित्येक स्त्रियांनी आणि मुलांनी जे सोसले ते त्यांना कोणापाशीही शब्दांत सांगता येणार नाही. नातेवाइकाचे नाव घ्यावे लागेल, या एकाच भीतीने त्या जन्मभर मुक्या राहतात. अशांना या उपचाराचे दार उघडे आहे, कारण येथे आठवण मनात धरावी लागते, तिचे कथन करावे लागत नाही.

डोळ्यांच्या हालचालीऐवजी दोन्ही हातांवर आळीपाळीने हलके थोपटणे, किंवा दोन्ही कानांत आळीपाळीने ध्वनी ऐकविणे, हेही प्रकार वापरतात. १९९७ साली मेक्सिकोतील आकापुल्को शहराला पॉलीन नावाच्या वादळाने झोडपले. पुढील वर्षी तेथील पीडितांत काम करताना लुसिना आर्तिगास यांनी दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन स्वतःच आळीपाळीने थोपटण्याची रीत काढली. फुलपाखराच्या पंखांसारखी हातांची हालचाल होते म्हणून तिला फुलपाखराची मिठी असे नाव पडले.

श्रोतेहो, आतापर्यंतचे ऐकून आपल्यापैकी चिकित्सक मंडळींच्या मनात शंका आली असेल, की हे मंत्रतंत्रासारखे तर नव्हे? ही शंका रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनीही ती घेतली. आरंभी या पद्धतीविषयी फार मोठे दावे केले गेले, तेव्हा अमेरिकेतील रिचर्ड मॅकनॅली यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी तिची तुलना अठराव्या शतकातील मेस्मरच्या चुंबकविद्येशी केली. त्यांचे म्हणणे असे, की गुण येतो तो भीतीदायक आठवणीला धीराने सामोरे गेल्यामुळे. डोळे फिरविणे ही वरची सजावट आहे. २००१ साली अनेक प्रयोगांचे एकत्र गणित मांडले गेले, त्यातही डोळ्यांच्या हालचालीमुळे वेगळा लाभ दिसला नाही. उलट २०१३ साली ली आणि कायपर्स यांनी तसेच गणित पुन्हा मांडले, तेव्हा ती हालचाल खरोखर काही भर घालते असे दिसून आले. हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही.

मग कारण तरी काय सांगतात? सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे. आपले मन एका वेळी थोड्याच गोष्टी हाताशी धरू शकते. तो एक लहानसा पाट आहे, त्यावर दोन ताटे मांडावयाची तर दोन्ही दाटीवाटीनेच मावतात. भीतीचे चित्र आणि फिरणारे बोट या दोघांना एकदम धरू लागले की चित्राला पुरती जागा मिळत नाही. ते फिके होते, त्याचा आवाज मंदावतो. दुसरीकडे, उंदरांवरील २००० सालच्या प्रयोगांतून असे दिसले, की जुनी आठवण जागी केली म्हणजे ती काही काळ मऊ पडते आणि मग पुन्हा घट्ट होते. या दोन गोष्टी एकत्र केल्या तर फिकी झालेली आठवण फिक्या रूपातच पुन्हा साठविली जात असावी, असा तर्क करता येतो. जात्यावर बसलेली सासुरवाशीण हात दळणात गुंतवून आपले दुःख ओवीत सांगे आणि दळण संपता संपता तिला हलके वाटे, याची येथे आठवण होते. मात्र ती उपमा आहे, पुरावा नव्हे.

कारणाविषयी मतभेद असले, तरी गुणाविषयी आता फारसे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आघातोत्तर विकारासाठी मुले आणि प्रौढ या दोघांकरिता ज्या मानसोपचारांची शिफारस केली, त्यांत विचार व वर्तन यांवरील आघातकेंद्रित उपचार आणि नेत्रसंचलनाचा हा उपचार, असे दोन्ही आहेत. हे दोन्ही साधारण सारख्याच तोडीचे ठरले आहेत. यास्तव नेत्रसंचलनाचाच हट्ट धरण्याचे कारण नाही; आपल्या गावी जो चांगला उपचारक असेल त्याच्यापाशी जो योग्य उपचार असेल तो घ्यावा. प्रत्येकास गुण येतोच असेही नाही. कोणत्या औषधाविषयी तसे म्हणता येते?

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. पहिली, हा घरी करण्याचा प्रयोग नव्हे. मोबाइलवर इकडून तिकडे जाणारा ठिपका पाहिला म्हणजे उपचार झाला, असे कोणी समजू नये. जुनी जखम उघडल्यावर ती बांधण्याची विद्याही हाताशी असावी लागते. दुसरी, एकाच बैठकीत मुळापासून बरे करण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे, आणि उपचारकाचे शिक्षण कोठे झाले हे विचारण्यास लाजू नये. तिसरी, चालू असलेली औषधे डॉक्टरांस न विचारता बंद करू नयेत. फेफऱ्याचा अथवा डोळ्यांचा विकार असल्यास तो आधी सांगावा. चौथी, जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलू लागले तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावा. तेथे विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत, तेथे बाह्यरुग्ण म्हणूनही जाता येते.

शेवटी जे बोलण्यासाठी आम्ही उभे राहिलो ते बोलतो. उपचार नाही म्हणून माणसे खितपत पडतात हे अर्धेच खरे आहे. उपचार असूनही ती जात नाहीत, आणि त्याचे कारण आपण आहोत. मुलीला मनाच्या डॉक्टरकडे नेले हे कळले तर स्थळे येणार नाहीत. मुलाचे कळले तर सोयरिक मोडेल. घराण्याला बट्टा लागेल. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही, कारण स्थळाची चौकशी करताना असे प्रश्न विचारणारे दुसरे तिसरे कोणी नसून आपणच आहोत. अपघातात पाय मोडला आणि प्लॅस्टर घातले, हे आपण उघड सांगतो. अपघाताने मन मोडले आणि ते तज्ज्ञाकडून सांधून घेतले, यात लपविण्यासारखे काय आहे? उलट जो वेळेवर उपचार घेतो तो संसाराला अधिक लायक समजला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा आणि गुप्ततेचा हक्क प्रत्येकास दिला आहे, विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावे असे बंधन घातले आहे. परंतु कायदा दवाखान्याचे दार उघडू शकतो. घराचे दार आपल्यालाच उघडावे लागते.

म्हणून आपल्या वधूवर सूचक मंडळास आमची नम्र सूचना आहे, की पूर्वी घेतलेला मानसोपचार हा दोष म्हणून धरला जाऊ नये असे त्याने आपल्या परिचयपत्रकात ठळकपणे छापावे. विद्यार्थी साहाय्य निधीप्रमाणे उपचारासाठीही एक छोटा निधी असावा, आणि साहाय्य घेणाऱ्याचे नाव अहवालात छापले जाऊ नये. घरातील वडीलधाऱ्यांना आमची विनंती याहूनही लहान आहे. कोणी धसका घेतला असेल तर त्याला 'विसर' म्हणू नका. विसरणे त्याच्या हाती असते तर तो केव्हाच विसरला असता. 'तुला काय होते ते सांगावेसे वाटले तर सांग, नाही वाटले तरी आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊ,' एवढे म्हणा, आणि त्याच्याबरोबर जा.